पाठमोरा फोटो

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात भूत मानत नाहीत.

विहारात जाणारं घर आहे. माझी सासू, तुळसाबाई, रोज सांजच्याला वंदना म्हणते. उतारा, लिंबू-मिरची, गंडेदोरे असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मी स्वतः बी.ए. झालेली आहे, आणि भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या बायांना तोंडावर हसणारी आहे.

म्हणजे, होते.

हे वाचून कोणाला 'मनाचे खेळ' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण मनाचा खेळ एकट्याच्या मनात होतो. इथं जे झालं ते माझ्या नवऱ्यानं पाहिलं, सासूला त्याचा वास आला, आणि शेवटी ते एका अशा पोरीनं पाहिलं, जिच्यासमोर उभं राहायची माझी लायकी नाही.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. कापूस वेचायचे दिवस होते. पहाटेचं धुकं, आणि गावाबाहेरची पांदण.

पांदण म्हणजे शेतात जायची बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंनी झुडपं. आमच्या गावच्या बाया पहाटे तिकडंच जायच्या. कशाला, ते तुम्हाला कळलं असेल. घरी संडास नव्हता असं नाही. होता. पण त्यात पऱ्हाट्या भरलेल्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, चुलीसाठी. आणि पाणी हापशीवरून डोक्यावर आणायचं, ते प्यायचं का तिथं ओतायचं? अर्ध्या गावाचे हेच हाल.

लग्न होऊन आले तेव्हा मला हे जमेना. मी यवतमाळ शहरात वाढलेली. पहिल्याच पहाटे पांदणीत उभी राहून रडले. तेव्हा शेजारच्या रुपीबाईनं माझा हात धरला.

"रडतं कायले वं? मी पाठ करून उभी राह्यतो. तू बस. कोनी आलं त मी खोकलतो."

रुपीबाई म्हणजे उकंडाभाऊची बायको. चाळिशीतली, हाडानं काटक. मी तिला काकू म्हणायची. तिला दातांना गुडाखू लावायची सवय होती, ती तंबाखूची काळी लुगदी असते ना, ती. त्यामुळे काकू यायच्या आधी तिचा वास यायचा. तिला एकच मुलगी, अपेक्षा. राळेगावला कॉलेजात शिकायची, रोज एस.टी.नं जायची. घरात खायला नसलं तरी चाललं असतं, पण पोरीची बस चुकायला नको, अशी ती बाई.

तेव्हापासून रोज पहाटे ती आमचं टिनाचं दार बोटानं वाजवायची. "झाली का वं?" एवढंच म्हणायची. मग आम्ही दोघी जायचो. एक बसायची, दुसरी पाठ करून राखण करायची. इतक्या वर्षांत ती एकदाही वळली नाही.

"तोंडावर पदर घेत जाय," ती मला शिकवायची. "तोंड झाकलं का झालं. आंग कोन वळखते?"

मग शिवारात वाघ आला.

आधी बाजूच्या गावात गोऱ्हा मारला. मग आमच्या तुरीत पाय उमटलेले दिसले. जंगलखात्याची माणसं आली, गावातल्या पोरांची टीम केली, टी-शर्ट दिले, टॉर्च दिले. त्या टीममध्ये माझा नवरा संघदीप होता, त्याचा दोस्त पिंटू होता. यांचं काम झाडांना कॅमेरे बांधायचं. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, अंधारातही. सकाळी त्यातलं कार्ड काढायचं, मोबाइलला लावून पाहायचं, आणि वाघ असला तर साहेबाला पाठवायचं.

साहेबानं बजावलं होतं, माणसांचे फोटो आले तर ताबडतोब डिलीट करा.

"डिलीट कराच्या आंधी पाहा त लागतेच ना," पिंटू म्हणाला. आमच्याच अंगणात, मी केलेला चहा पिता पिता. सगळे हसले.

मीही हसले. ते विसरत नाही मी.

कॅमेरे कुठं बांधले ते कोणाला सांगायचं नाही, असाही हुकूम होता. चोरीला जातात म्हणे. संघदीपनं बायकोलाही सांगितलं नाही. नियम पाळला. एवढाच एक नियम पाळला त्या पोरांनी.

कॅमेरे वाघासाठी होते. वाघाचा फोटो आला एकदा, तोही शेपटीचा. बायांचे रोज आले. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं.

त्या पहाटे मी बसले होते. काकू बाजूला, माझ्याकडं पाठ करून. धुकं इतकं की दोन हातांवरचं झुडूप दिसेना.

आणि काकू एकदम म्हणाली, "मोहाच्या झाडावर...लाल काय चमकलं वं?"

"बिडी वढत असन कोनी."

"झाडावर बसून?"

मी उठले, पदर सारखा केला. आम्ही झपाझप घरी आलो. दिवसभर कापूस वेचला. मी विसरूनही गेले.

सांजच्याला संघदीप घरी आला. त्यानं बूटही काढले नाहीत. मोबाइल माझ्यासमोर धरला.

"हे कोन हाये?"

राखाडी फोटो. एक बाई पाठमोरी बसलेली. डोक्यावरून पदर. तोंड दिसत नव्हतं.

माणूस स्वतःची पाठ कधी पाहत नाही. मी त्या दिवशी पाहिली.

थंडी म्हणून मी साडीवर माझ्या भावाचं जुनं स्वेटर घातलं होतं. कॉलर एका बाजूनं उसवलेली. फोटोत ती कॉलर लोंबत होती. मी चुलीपुढं खालीच बसले.

"पिंट्यानं ग्रुपवर टाकला," तो म्हणाला. "पोट्टे म्हनून राह्यले का हे तू हायेस. मी काय सांगू त्याईले?"

मला दिसत होतं, मी 'हो' म्हटलं तर काय होईल ते. हा माणूस गावात मान वर करणार नाही. आणि मग तो मला मान वर करू देणार नाही. जन्मभर.

मी म्हणाले, "मी नाई. रुपीकाकू हाये. मी बाजूले उभी होतो."

एका दमात म्हणाले. अडखळलेसुद्धा नाही.

तो बराच वेळ फोटोकडं पाहत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि चालता चालता मोबाइलवर लिहीत बाहेर गेला. मी त्याला थांबवलं नाही. मी भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं.

पानठेल्यावरून पोरं ओरडायची, "काकू, फोटो झकास आला." उकंडाभाऊनं तिला अंगणात मारलं, दार उघडं ठेवून, लोकांना दिसावं म्हणून. भिंतीच्या अलीकडं मी होते. एकेक फटका मला ऐकू येत होता. मी वाट पाहत होते, आता ती माझं नाव घेईल, म्हणेल, मी नाही, ती समीक्षा होती.

ती म्हणाली नाही. मार खाल्ला, पण माझं नाव घेतलं नाही.

अपेक्षाला एस.टी.त कोणीतरी तिच्याच मोबाइलवर तो फोटो पाठवला. ती मधल्याच फाट्यावर उतरली आणि चालत घरी आली. त्या दिवसापासून ती कॉलेजात गेली नाही. 'फोटोवालीची पोरगी' हे तिचं नाव पडलं. अजून तेच आहे.

मग एका सकाळी हापशीवर काकू भेटली. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. आम्ही दोघीच होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती गुंडात, म्हणजे घागरीत, पाणी भरत राहिली. माझ्याकडं न पाहता म्हणाली,

"पोरी, माझं नाव तुले लय जल्दी आठोलं."

गुंड उचलला आणि गेली.

त्यानंतर आमचं दार वाजलं नाही. काकूनं पांदण सोडली. तिच्यासोबत जायला कोणी बाई तयार होईना. हिच्यासंग गेलं तर आपलाही फोटो यायचा, म्हणायच्या. म्हणून ती एकटीच नाल्याकडं जायला लागली, बेशरमच्या झुडपामागं. तिकडं कॅमेरा बांधायला एकही मोठं झाड नव्हतं. तेवढ्यासाठीच ती जागा तिनं धरली होती.

मला सगळं माहीत होतं. रोज पहाटे मी गोधडीत पडून ऐकायची. तिच्या घराची कडी वाजायची. मग चपलांचा आवाज आमच्या दारासमोरून जायचा. थांबायचा नाही. मी उठून तिच्यासोबत जाऊ शकत होते. दोघी असल्या तर वाघ सहसा अंगावर येत नाही, हे आम्हाला टीमनंच सांगितलं होतं. पण संघदीप म्हणाला होता, तिच्यासंग दिसू नको. आणि मला ते ऐकायला सोपं गेलं.

एका पहाटे चपलांचा आवाज गेला...

आणि परत आला नाही.

त्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. माणसं काठ्या, फटाके घेऊन गेली. नाल्याजवळ पाण्याची प्लास्टिकची बाटली सापडली आणि एक चप्पल. दुसरी सापडली नाही. जिथं कॅमेरा नव्हता तिथं वाघ होता.

अपेक्षा रडली नाही. ती नुसती नाल्याकडं पाहत उभी होती. बायांनी मला सांगितलं, जा, तिला धर, तुझी तिच्या मायसंग लय दोस्ती होती. मी गेले आणि तिला धरलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं तिनं.

मी पांदण सोडून दिली. पऱ्हाट्या उपसून काढल्या, संडास धुतला, दोन गुंड पाणी जास्त आणायला लागले. इतकं सोपं होतं ते. आधी का नाही केलं, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते.

काकूला जाऊन चार-सहा दिवस झाले असतील. उजाडायचं होतं. मी संडासात बसले होते. टिनाचं दार, खाली फट. अंगणातल्या दिव्याचा उजेड त्या फटीतून आत येतो.

आणि...गुडाखूचा वास आला.

मी श्वास रोखला. बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते एकदम गप्प झालं.

फटीतला उजेड मधेच तुटला. मी खाली पाहिलं...

दोन पाय होते. टाचा माझ्याकडं.

कोणीतरी दाराला पाठ लावून उभं होतं. एका पायात चप्पल होती. दुसरा अनवाणी होता, चिखलानं माखलेला.

"कोन हाये?" मी विचारलं.

पाय हलले नाहीत. कोणी राखणीला उभं राहतं तसे ते उभे होते, मी उठेपर्यंत.

दार उघडलं तेव्हा अंगण रिकामं. सासू चुलीपाशी उठून बसली होती. नाक वर करून म्हणाली, "गुडाखू लावून कोन आलतं वं सकाळी सकाळी?"

मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्या दिवशी तिनं सकाळीच मेणबत्ती लावून वंदना म्हटली. भूत नाही मानत आम्ही. पण मग ते काय होतं, हे आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही.

त्याच दिवशी दुपारी संघदीप घरी आला. चेहरा उतरलेला. कार्ड मोबाइलला लावलेलं.

"तू आज पांदणीत गेलती?"

"नाई. मायले इचारा."

त्यानं फोटो दाखवला. मोहाचं झाड, तोच कॅमेरा. राखाडी पहाट. पाठमोरी बसलेली बाई. डोक्यावर पदर, अंगात स्वेटर, लोंबणारी कॉलर.

मी.

खाली त्या दिवसाची तारीख होती. वेळ पहाटेची. त्या वेळी मी घरी, संडासात होते. माझं स्वेटर तर मी काकू गेली त्याच दिवशी चुलीत घातलं होतं.

"जुना फोटो आला असन," मी म्हणाले. "मशीन हाये."

"जुना नाई," तो हळूच म्हणाला. "हे पाह्य."

फोटोच्या अगदी कडेला लुगड्याचा काठ दिसत होता. आणि एक पाय...अनवाणी.

पहिल्या फोटोत तिथं काही नव्हतं. पहिल्या वेळी काकू कॅमेऱ्याच्या बाहेर उभी होती.

दुसऱ्या पहाटे परत टाचा दिसल्या, परत वास आला. आणि दुपारी परत फोटो. आता दोन्ही पाय आत आले होते. मग कंबर. मग हात. रोज ती एक पाऊल आत सरकत होती. संघदीप पिंटूच्या आधी जाऊन कार्ड काढायचा, फोटो पुसायचा. आम्ही एकमेकांशी त्याबद्दल बोलत नव्हतो. तो नुसता दाखवायचा, मी नुसती पाहायची.

मग एके दिवशी ती पूर्ण आली.

मी बसलेली, आणि माझ्या बाजूला रुपीबाई उभी. माझ्याकडं पाठ. तोंड सरळ कॅमेऱ्याकडं. डोळे पांढरे चमकत होते, अंधारात टॉर्च मारल्यावर गाईचे चमकतात तसे. रागावलेली नव्हती. नुसती उभी होती.

तो एक फोटो पुरेसा होता. ज्यानं पाहिला असता त्याला कळलं असतं की उभी आहे ती रुपीबाई. मग बसलेली कोण?

"उद्या कार्डाची पाळी पिंट्याची हाये," संघदीप म्हणाला. "मी सकाळी वर्धेले जाऊन राह्यलो, साहेबाची मीटिंग हाये. टाळता नाई येत."

मला वाटलं, झालं. आता ती सगळ्यांना दाखवणार. त्या दिवशी मी जेवले नाही. आणि खरं सांगते, भीतीच्या खाली कुठंतरी मला बरंही वाटत होतं. होऊ दे एकदाचं. माझ्या तोंडानं तर निघत नाही, तिच्या हातानं निघू दे.

दुसऱ्या दिवशी पिंटू अंगणात आला. मी भिंतीला धरून उभी राहिले.

"वहिनी, संघदीपले सांगजा, मोहावरचा कॅमेरा गेला. सारे फोटो काळे आले."

संध्याकाळी संघदीपनं ते फोटो मोठे करून पाहिले. मग मला बोलावलं.

काळे नव्हते ते...

कापड होतं. फोटोभर कापड. एकेक धागा दिसत होता. कोणीतरी अगदी कॅमेऱ्याला चिकटून, पदर पसरून उभं राहिलं होतं. पहाटेपासून उजाडेपर्यंतचे सगळे फोटो तसेच.

मी दिसू नये म्हणून.

मला वाटत होतं ती बदला घेईल. घेतला असता तर मी सुटले असते. चार शिव्या, दोन महिने तोंड लपवणं, माहेरी जाऊन राहणं, काय व्हायचं ते झालं असतं. पण ती तर अजून माझी राखण करत होती. एवढं करूनही. मेल्यावरही. ह्यापेक्षा मोठी शिक्षा मला तरी माहीत नाही.

मी संघदीपला म्हणाले, "तो पह्यला फोटो माझा होता."

तो मोबाइलकडं पाहत होता. मान वर न करता म्हणाला,

"मले मालूम होतं."

मला आधी कळलंच नाही.

"ते स्वेटर मी रोज पाहत होतो ना," तो म्हणाला. "तुही पाठ मले नाई वळखू येत का?"

"मंग इचारलं कायले?"

"तू नाई म्हनाव म्हून."

एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला गेला. त्या दिवसापासून आम्ही एका ताटात जेवतो, एका छताखाली झोपतो, पण एकमेकांकडं नीट पाहत नाही. मी एक नाव घेतलं. त्यानं ते खोटं आहे हे माहीत असून गावभर पाठवलं. कोणाचं पाप मोठं, ह्याचा हिशोब लावायला बसलं की मला झोप लागत नाही.

पुढं वाघ दुसऱ्या शिवारात निघून गेला. कॅमेरे काढून नेले. फटीत टाचा दिसायच्या थांबल्या. मला वाटलं, संपलं.

गेल्या महिन्यात रेशनची केवायसी निघाली. आता अंगठा चालत नाही म्हणे, चेहरा पाहिजे. मोबाइल समोर धरतात, डोळे मिचकावायचे, हिरवा गोल आला की झालं. सगळ्या गावाचे चेहरे झाले. माझा होईना.

"ताई, समोरचा हात काढा," दुकानदार म्हणाला.

माझे दोन्ही हात खाली होते.

"लेन्सवर काहीतरी आलं बुवा," म्हणून त्यानं मोबाइल पुसला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग वैतागून म्हणाला, "अपेक्षाकडं जा. तिचा मोबाइल चांगला हाये. ज्यायचं इथं नाई होत त्यायचं ते करून देते."

अपेक्षा. कॉलेज सुटल्यापासून ती घरीच बसून असली कामं करते. बसमध्ये चढत नाही, सगळीकडं पायी जाते.

मी टाळत होते. पण रेशन बंद व्हायची वेळ आली, सासू मागं लागली, आणि मी गेले.

भरदुपार होती. तिनं मला भिंतीशी उजेडात उभं केलं.

"हलू नोका, वहिनी."

मोबाइल माझ्यासमोर धरला. स्क्रीनकडं पाहिलं...

तिचा हात थांबला.

तिनं मोबाइल खाली केला, माझ्याकडं पाहिलं. परत वर केला. दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी. मधे काहीच नव्हतं, नुसतं ऊन होतं. आणि...गुडाखूचा वास. इतका जवळून की माझे डोळे चुरचुरले.

"वहिनी," ती म्हणाली. "हे ठिगळ मायच्या लुगड्याचं हाये. हे टाके माझे हायेत. म्या घातले होते, निळ्या दोऱ्यानं."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"ते लुगडं तिच्यासंगच गेलतं."

तिनं मोबाइल बाजूला ठेवून दिला. रडत नव्हती. आवाज अगदी साधा होता.

"माय तुमच्या समोर काहून उभी हाये?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. तो फोटो माझा होता. एवढंच. ते बोलले असते तर ती पोरगी दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसू शकली असती, खिडकीपाशी, तोंडावर ओढणी न घेता. मायचं नाव तिला परत मिळालं असतं. वाक्य तयार होतं. ती वाट पाहत होती. घाई करत नव्हती.

मी म्हणाले, "तुहा कॅमेरा खराब झाला असन."

तिनं मोबाइल उचलला, ओढणीनं पुसला.

"असन," म्हणाली.

तिनं मला दारापर्यंत सोडलं. माझी केवायसी अजून झालेली नाही. कोणाच्याच मोबाइलमध्ये मी येत नाही. परवा पुतणीनं सेल्फी काढला, सगळे आले, माझ्या जागी नुसतं करडं कापड. ती म्हणाली, काकी, तू हललीस. मी म्हटलं, हो, हलले असेन.

हे मी इथं, अनोळखी लोकांच्या पेजवर लिहितेय, कारण गावात बोलायची माझी छाती नाही. लिहिताना सगळ्यांची नावं बदलली. माझं, नवऱ्याचं, सासूचं, पिंटूचं, उकंडाभाऊचं. अपेक्षाचं तर दोनदा बदललं, ओळखू येऊ नये म्हणून. आता पाठवायच्या आधी वरून खालपर्यंत वाचलं तर दिसलं, एक नाव तसंच राहून गेलंय.

रुपीबाईचं.

दुसरं टाकून पाहिलं. पण मग ती दुसरीच कोणीतरी बाई वाटायला लागली. म्हणून खरं होतं तेच राहू दिलं.

तिला विचारलं मात्र नाही.